अमेरिकेतील राष्ट्राध्यक्षांवरील महाभियोगाचे आधार आणि पक्षीय वाद : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

लोकशाही शासनव्यवस्थेत सर्वोच्च पदावरील व्यक्तीला तिची मुदत संपण्यापूर्वी पदच्युत करण्याची तरतूद ही अत्यंत गंभीर स्वरूपाची तरतूद मानली जाते. मतदारांनी दिलेला कौल लोकप्रतिनिधींनी कोणत्या कारणासाठी फिरवावा, हा प्रश्न तिच्या मुळाशी असतो. अमेरिकेच्या संविधानाच्या दुसऱ्या अनुच्छेदातील चौथ्या कलमानुसार राष्ट्राध्यक्षास देशद्रोह, लाचखोरी अथवा 'अन्य उच्च अपराध व गैरवर्तन' या कारणांवरून महाभियोगाद्वारे पदावरून दूर करता येते. यांपैकी देशद्रोहाची व्याख्या संविधानातच दिलेली आहे आणि लाचखोरीचा अर्थही सर्वपरिचित आहे. तथापि 'अन्य उच्च अपराध व गैरवर्तन' या शब्दप्रयोगाचा नेमका अर्थ काय, याविषयी गेल्या सव्वादोनशेहून अधिक वर्षांत एकमत होऊ शकलेले नाही.

अमेरिकेच्या इतिहासात प्रतिनिधिगृहाने आजवर तीन राष्ट्राध्यक्षांवर एकूण चार वेळा महाभियोग दाखल केला. अँड्र्यू जॉन्सन (१८६८), बिल क्लिंटन (१९९८) आणि डोनाल्ड ट्रम्प (२०१९ व २०२१) हे ते तीन राष्ट्राध्यक्ष होत. चौथे नाव रिचर्ड निक्सन यांचे; परंतु प्रतिनिधिगृहात मतदान होण्यापूर्वीच त्यांनी १९७४ मध्ये राजीनामा दिला. यांपैकी एकाही राष्ट्राध्यक्षास सिनेटने दोषी ठरविलेले नाही. प्रत्येक प्रसंगी महाभियोगाच्या आधारांविषयी तीव्र पक्षीय वाद झाला आणि दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीनुसार संविधानाचा अर्थ लावल्याचा आरोप परस्परांवर केला. प्रस्तुत लेखात या वादाचा ऐतिहासिक आढावा घेण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची तीन उद्दिष्टे आहेत. महाभियोगाच्या आधारांविषयी संविधानकर्त्यांची भूमिका समजून घेणे, हे पहिले उद्दिष्ट होय. जॉन्सन, निक्सन, क्लिंटन व ट्रम्प यांच्या प्रकरणांत राजकीय पक्षांनी या आधारांचा कसा अर्थ लावला याचा शोध घेणे, हे दुसरे. तर या वादाचा महाभियोगाच्या परिणामकारकतेवर काय प्रभाव पडला याचे मूल्यमापन करणे, हे तिसरे उद्दिष्ट आहे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला असून जॉन्सन यांच्या प्रकरणास अधिक जागा देण्यात आली आहे. नंतरच्या प्रत्येक वादातील युक्तिवादांची मुळे त्या एका खटल्यात सापडतात, हे त्याचे कारण होय.

फिलाडेल्फिया परिषदेतील चर्चा आणि वॉरन हेस्टिंग्जचा संदर्भ

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फिया येथे भरलेल्या संविधान परिषदेत राष्ट्राध्यक्ष महाभियोगास पात्र असावा की नाही, येथूनच मतभेदास सुरुवात झाली. २० जुलै रोजी झालेल्या चर्चेत चार्ल्स पिंकनी व रूफस किंग यांनी या तरतुदीस विरोध केला. कायदेमंडळाच्या हाती असे शस्त्र दिल्यास राष्ट्राध्यक्षाचे स्वातंत्र्य संपुष्टात येईल, अशी त्यांची भीती होती. उलट, असा मार्ग उपलब्ध नसेल तर अप्रिय शासकाच्या हत्येखेरीज लोकांपुढे पर्याय उरणार नाही, असे बेंजामिन फ्रँकलिन यांनी सुचविले. गव्हर्नर मॉरिस यांनी तर या चर्चेच्या ओघात आपले मूळचे विरोधी मत बदलले.

महाभियोगाचे आधार प्रत्यक्षात निश्चित झाले ते ८ सप्टेंबर १७८७ रोजी. त्या दिवशी परिषदेसमोर असलेल्या मसुद्यात केवळ देशद्रोह व लाचखोरी ही दोनच कारणे होती. व्हर्जिनियाचे प्रतिनिधी जॉर्ज मेसन यांनी त्यास हरकत घेतली. ही हरकत घेताना त्यांनी जे उदाहरण दिले, ते भारतीय अभ्यासकाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. बंगालचा माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर त्याच वर्षीच्या मे महिन्यात ब्रिटिश पार्लमेंटमध्ये महाभियोग दाखल झाला होता. बनारसचा राजा चेतसिंग व अवधच्या बेगमा यांच्याशी केलेल्या वर्तनासंबंधीचे आरोप त्यात अंतर्भूत होते. हेस्टिंग्जचे कृत्य देशद्रोहाच्या व्याख्येत बसत नाही. मग असे मोठे व घातक अपराध करणाऱ्या सत्ताधाऱ्याचे काय करावयाचे, असा मेसन यांचा प्रश्न होता. त्यांनी 'गैरकारभार' हा शब्द जोडण्याची सूचना केली. जेम्स मॅडिसन यांनी ती नाकारली. इतका सैल शब्द वापरल्यास सिनेटची मर्जी असेपर्यंतच राष्ट्राध्यक्ष पदावर राहू शकेल, असा त्यांचा आक्षेप होता. तेव्हा मेसन यांनी तो शब्द मागे घेऊन इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये चौदाव्या शतकापासून रूढ असलेला 'उच्च अपराध व गैरवर्तन' हा शब्दप्रयोग सुचविला आणि तो स्वीकारण्यात आला.

या छोट्याशा चर्चेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. देशद्रोह व लाचखोरी यांच्यापलीकडे जाणारा व्यापक आधार संविधानकर्त्यांना हवा होता. त्याचबरोबर केवळ धोरण न पटणे अथवा कारभार नापसंत असणे हा आधार त्यांना नको होता. या दोन मर्यादांच्या मधली जागा त्यांनी मोकळी ठेवली. पुढील सर्व वाद या मोकळ्या जागेत झाले आहेत.

अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७८८ मध्ये लिहिलेल्या 'फेडरलिस्ट'च्या ६५ व्या निबंधात महाभियोगाच्या अपराधांचे वर्णन सार्वजनिक विश्वासाचा भंग असे केले आणि त्यांचे स्वरूप राजकीय असल्याचे सांगितले. अशा खटल्यांमुळे समाज गटांत विभागला जाईल आणि निर्णय दोषनिर्दोषत्वाच्या पुराव्यापेक्षा पक्षांच्या संख्याबळावर ठरण्याचा मोठा धोका राहील, हेही त्यांनी त्याच ठिकाणी नमूद केले. म्हणूनच प्रतिनिधिगृहाकडे आरोप ठेवण्याचा आणि सिनेटकडे खटला चालविण्याचा अधिकार देण्यात आला. दोषसिद्धीसाठी उपस्थित सभासदांच्या दोनतृतीयांश बहुमताची अट घालण्यात आली. शिक्षा केवळ पदच्युती व भविष्यातील अपात्रता एवढ्यापुरतीच मर्यादित ठेवण्यात आली आणि सामान्य न्यायालयातील फौजदारी खटल्याचा मार्ग स्वतंत्रपणे खुला ठेवण्यात आला.

अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरील महाभियोग (१८६८)

टेनेसीचे अँड्र्यू जॉन्सन हे मूळचे डेमोक्रॅट. यादवी युद्धाच्या काळात ते संघराज्याशी एकनिष्ठ राहिले. म्हणून १८६४ च्या निवडणुकीत अब्राहम लिंकन यांचे सहकारी उमेदवार म्हणून त्यांची निवड झाली. एप्रिल १८६५ मध्ये लिंकन यांची हत्या झाली आणि रिपब्लिकन बहुमत असलेल्या काँग्रेससमोर एक डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष उभा राहिला. युद्धात पराभूत झालेल्या दक्षिणेकडील राज्यांना संघराज्यात कोणत्या अटींवर परत घ्यावयाचे आणि गुलामगिरीतून मुक्त झालेल्या सुमारे चाळीस लाख कृष्णवर्णीयांना कोणते हक्क द्यावयाचे, हा त्या काळातील मध्यवर्ती प्रश्न होता.

जॉन्सन यांनी माजी बंडखोरांना उदारपणे माफी दिली. १८६६ मध्ये मुक्त गुलामांसाठीच्या मदत विभागाची मुदत वाढविणारे विधेयक व नागरी हक्क विधेयक या दोहोंवर त्यांनी नकाराधिकार वापरला. चौदाव्या घटनादुरुस्तीलाही त्यांनी विरोध केला. त्याच वर्षी मेम्फिस व न्यू ऑर्लिन्स येथे कृष्णवर्णीयांच्या कत्तली झाल्या. शरद ऋतूतील निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांशाहून अधिक जागा जिंकल्या आणि राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार निष्प्रभ झाला. मार्च १८६७ मध्ये काँग्रेसने पुनर्रचना कायदा मंजूर केला. त्याच दिवशी नकाराधिकार डावलून पदावधी कायदाही संमत करण्यात आला. सिनेटच्या संमतीने नेमलेल्या अधिकाऱ्यांना सिनेटच्या संमतीवाचून दूर करता येणार नाही, असे या कायद्याने ठरविले आणि त्याचे उल्लंघन हे 'उच्च गैरवर्तन' होय, असेही त्यात लिहून ठेवले. महाभियोगाचा आधार काँग्रेसने अशा प्रकारे आगाऊच तयार करून ठेवला होता, असे म्हणावे लागते.

या खटल्यापूर्वीचा एक प्रसंग मात्र अनेकदा दुर्लक्षित राहतो. नोव्हेंबर १८६७ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या न्याय समितीने पाच विरुद्ध चार मतांनी महाभियोगाची शिफारस केली होती. बहुमताच्या बाजूने जॉर्ज बाउटवेल यांची भूमिका अशी होती की, राष्ट्राध्यक्षाने आपल्या अधिकारांचा वापर कायद्यांचा हेतू विफल करण्यासाठी केला असेल, तर एखाद्या विशिष्ट फौजदारी कायद्याचा भंग दाखविण्याची गरज नाही. समितीचे अध्यक्ष जेम्स विल्सन हे स्वतः रिपब्लिकन असूनही अल्पमतात राहिले. ज्या कृत्याबद्दल न्यायालयात आरोपपत्र ठेवता येईल तेच कृत्य महाभियोगास पात्र, असे त्यांचे प्रतिपादन होते. ७ डिसेंबर १८६७ रोजी प्रतिनिधिगृहाने ही शिफारस ५७ विरुद्ध १०८ मतांनी फेटाळली. रिपब्लिकन सभासदांपैकी मोठा गट विल्सन यांच्या बाजूने गेला होता. म्हणजेच आधारांविषयीचा पहिला मोठा वाद एकाच पक्षाच्या अंतर्गत झाला आणि त्यात संकुचित व्याख्येचा विजय झाला.

२१ फेब्रुवारी १८६८ रोजी जॉन्सन यांनी युद्धमंत्री एडविन स्टँटन यांना पदावरून दूर केले आणि चित्र पालटले. आता कायद्याचा उघड भंग हाती लागला होता. तीनच दिवसांनी, २४ फेब्रुवारी रोजी, प्रतिनिधिगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी महाभियोग मंजूर केला. या वेळी मतविभागणी पक्षनिहाय होती आणि विल्सनही बहुमताबरोबर होते. मार्चच्या प्रारंभी अकरा दोषारोप निश्चित करण्यात आले. त्यांपैकी बहुतेक स्टँटन यांच्या पदच्युतीशी संबंधित होते. बेंजामिन बटलर यांच्या आग्रहाने समाविष्ट झालेल्या दहाव्या दोषारोपात काँग्रेसविरोधी भाषणांचा विषय होता, तर थॅडियस स्टीव्हन्स यांच्या प्रेरणेने आलेल्या अकराव्यात निरनिराळे आरोप एकत्र गुंफलेले होते.

सरन्यायाधीश सॅमन चेस यांच्या अध्यक्षतेखाली सिनेटमध्ये चाललेल्या खटल्यात दोन परस्परविरोधी सिद्धांत समोरासमोर आले. बटलर यांच्या मते सिनेट हे सामान्य अर्थाने न्यायालयच नव्हते. शासनाच्या मूलभूत तत्त्वांना अथवा सार्वजनिक हिताला बाधक ठरणारे कोणतेही कृत्य महाभियोगास पुरेसे होते. सिनेटर चार्ल्स सम्नर यांनीही ही राजकीय कारवाई असल्याचे उघडपणे मांडले. बचाव पक्षातर्फे बेंजामिन कर्टिस उभे राहिले. हे तेच कर्टिस, ज्यांनी १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून गुलामगिरीच्या बाजूने झालेल्या निर्णयास भिन्न मतपत्र दिले होते. कृत्य घडले त्या वेळी अस्तित्वात असलेल्या कायद्याने जे अपराध ठरविले आहे, त्यासाठीच महाभियोग होऊ शकतो, असे त्यांनी प्रतिपादन केले. शिवाय स्टँटन यांची नेमणूक लिंकन यांनी केली होती आणि नेमणूक करणाऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीपुरते व त्यानंतर एक महिना एवढेच संरक्षण पदावधी कायदा मंत्र्यांना देत होता. तेव्हा स्टँटन यांना तो लागूच होत नाही, असा दुसरा मुद्दाही त्यांनी मांडला.

१६ मे रोजी अकराव्या दोषारोपावर मतदान झाले. सिनेटमध्ये त्या वेळी ५४ सभासद होते. दोषसिद्धीसाठी ३६ मते आवश्यक होती. प्रत्यक्षात ३५ विरुद्ध १९ असा निकाल लागला. २६ मे रोजी दुसऱ्या व तिसऱ्या दोषारोपांवरही तीच संख्या पुन्हा आली आणि खटला संपला. फेसेंडेन, फाउलर, ग्राइम्स, हेंडरसन, रॉस, ट्रंबुल व व्हॅन विंकल या सात रिपब्लिकन सिनेटरांनी पक्षाविरुद्ध मत दिले. अपुऱ्या कारणासाठी एकदा राष्ट्राध्यक्ष हटविला गेला, तर बहुमताशी मतभेद असणारा पुढील कोणताही राष्ट्राध्यक्ष सुरक्षित राहणार नाही, असे लायमन ट्रंबुल यांनी आपल्या लेखी मतात बजावले. या सातांपैकी कोणीही नंतर सिनेटवर पुन्हा निवडून आला नाही.

तथापि या निकालामागे केवळ तत्त्वनिष्ठा होती असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. उपराष्ट्राध्यक्षपद रिक्त असल्याने जॉन्सन यांच्या जागी सिनेटचे हंगामी अध्यक्ष बेंजामिन वेड आले असते. वेड यांची आर्थिक धोरणे व स्त्रियांच्या मताधिकाराविषयीचा त्यांचा पुरस्कार अनेक रिपब्लिकनांना अमान्य होता. स्वतः लाभार्थी ठरणाऱ्या वेड यांनी दोषसिद्धीच्या बाजूने मत दिले, तर जॉन्सन यांचे जावई असलेले सिनेटर पॅटरसन यांनी विरोधात. एडमंड रॉस यांना जॉन एफ. केनेडी यांच्या १९५६ च्या 'प्रोफाइल्स इन करेज' या ग्रंथाने धैर्याचे प्रतीक बनविले. परंतु मतदानानंतर रॉस यांनी जॉन्सन यांच्याकडून आपल्या माणसांसाठी नेमणुका मागितल्याचे नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे.

इतिहासलेखनातील बदलही येथे विचारात घ्यावा लागतो. विल्यम डनिंग यांच्या परंपरेतील इतिहासकारांनी जॉन्सन यांना सूडबुद्धीच्या काँग्रेसचे बळी ठरविले. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्या १९३५ च्या ग्रंथाने व पुढे एरिक फोनर यांच्या लेखनाने पुनर्रचना काळाकडे मुक्त गुलामांच्या हक्कांच्या दृष्टीने पाहण्यास शिकविले. मायकेल लेस बेनेडिक्ट यांनी १९७३ मध्ये महाभियोगाला पुरेसे कारण होते, असे प्रतिपादन केले. या नव्या दृष्टीने पाहिल्यास १८६८ च्या खटल्यातील खरी विसंगती ध्यानात येते. चाळीस लाख माणसांना कायद्याने दिलेले संरक्षण राष्ट्राध्यक्ष आपल्या अधिकाराने निष्फळ करीत होते, हा मूळ आक्षेप होता. परंतु डिसेंबर १८६७ मधील पराभवानंतर तो व्यापक आक्षेप बाजूला पडला आणि एका मंत्र्याच्या पदच्युतीचा तांत्रिक प्रश्न पुढे करण्यात आला. आरोप जितका कायदेशीर साच्यात बसविला गेला, तितका तो मूळ प्रश्नापासून दूर गेला. आणि ज्या कायद्यावर तो आधारलेला होता, तो कायदाच संदिग्ध ठरला. पदावधी कायदा १८८७ मध्ये रद्द करण्यात आला आणि १९२६ च्या मायर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य असल्याचे मत नोंदविले.

निक्सन प्रकरण (१९७४) : व्याख्येचा व पुराव्याचा मेळ

यानंतर शंभर वर्षे कोणत्याही राष्ट्राध्यक्षाविरुद्धचा महाभियोग मतदानापर्यंत यशस्वीपणे पोहोचला नाही. १९७० मध्ये मात्र न्यायाधीश विल्यम डग्लस यांच्याविरुद्ध महाभियोगाची मागणी करताना प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन नेते जेराल्ड फोर्ड यांनी एक प्रसिद्ध विधान केले. प्रतिनिधिगृहाचे बहुमत एखाद्या विशिष्ट क्षणी ज्याला महाभियोगयोग्य अपराध मानेल तोच तो अपराध, असा त्या विधानाचा आशय होता. डग्लस यांच्यावरील कारवाई पुढे गेली नाही. परंतु चारच वर्षांत फोर्ड यांच्या पक्षाचा राष्ट्राध्यक्ष याच प्रश्नात सापडला आणि त्याच्या राजीनाम्यानंतर फोर्ड स्वतः त्या पदावर आले.

जून १९७२ मधील वॉटरगेट इमारतीतील घुसखोरी व ती दडपण्याचे प्रयत्न यांतून निक्सन प्रकरण उद्भवले. न्याय समितीच्या विधितज्ज्ञांनी फेब्रुवारी १९७४ मध्ये सादर केलेल्या अहवालात, महाभियोगासाठी फौजदारी अपराध आवश्यक नसल्याचे इतिहासाच्या आधारे प्रतिपादन केले. राष्ट्राध्यक्षांचे वकील जेम्स सेंट क्लेअर यांनी कर्टिस यांच्याच वळणाने गंभीर फौजदारी अपराधाची अट पुढे केली. पीटर रोडिनो यांच्या अध्यक्षतेखालील समितीत २१ डेमोक्रॅट व १७ रिपब्लिकन होते. जुलैच्या अखेरीस न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याचा दोषारोप २७ विरुद्ध ११, सत्तेच्या गैरवापराचा २८ विरुद्ध १० आणि समितीच्या आदेशांच्या अवमानाचा २१ विरुद्ध १७ मतांनी संमत झाला. पहिल्या दोषारोपास सहा व दुसऱ्यास सात रिपब्लिकनांनी पाठिंबा दिला.

समितीने फेटाळलेले दोन दोषारोप तितकेच बोलके आहेत. कंबोडियावरील गुप्त बॉम्बफेक आणि निक्सन यांचे वैयक्तिक प्राप्तिकर प्रकरण, हे दोन्ही १२ विरुद्ध २६ अशा मतांनी नामंजूर झाले. करचुकवेगिरी हा फौजदारी अपराध असला तरी तो सत्तेचा गैरवापर नाही, असा अनेक सभासदांचा अभिप्राय होता. ५ ऑगस्ट रोजी निर्णायक ध्वनिफीत प्रसिद्ध झाल्यावर समितीत विरोधात राहिलेल्या रिपब्लिकनांनीही आपली भूमिका बदलली. ७ ऑगस्ट रोजी पक्षाचेच ज्येष्ठ नेते बॅरी गोल्डवॉटर, ह्यू स्कॉट व जॉन ऱ्होड्स यांनी निक्सन यांना सिनेटमधील परिस्थितीची कल्पना दिली आणि ९ ऑगस्ट रोजी राजीनामा अमलात आला. या प्रकरणात सत्तेचा गैरवापर व फौजदारी अपराध हे दोन्ही निकष एकाच पुराव्याने पूर्ण झाले. त्यामुळे व्याख्येचा वाद मागे पडला.

क्लिंटन प्रकरण (१९९८–९९) : भूमिकांची अदलाबदल

क्लिंटन प्रकरणात हे दोन निकष पुन्हा वेगळे झाले. वैयक्तिक संबंधांविषयी शपथेवर खोटे बोलल्याचा व न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याचा आरोप राष्ट्राध्यक्षांवर होता. येथे फौजदारी कायद्याचा भंग सांगितला जात होता. परंतु राज्यकारभाराशी त्याचा संबंध काय, हा प्रश्न होता. रिपब्लिकनांचे म्हणणे असे की, खोटी शपथ घेतल्याबद्दल न्यायाधीश वॉल्टर निक्सन यांना १९८९ मध्ये सिनेटनेच पदच्युत केले आहे. न्यायाधीशाला एक निकष व राष्ट्राध्यक्षाला दुसरा, हे योग्य नव्हे. डेमोक्रॅटांनी १९७४ मधील प्राप्तिकर दोषारोपाच्या नामंजुरीचा दाखला दिला आणि खासगी स्वरूपाचा अपराध हा राज्यव्यवस्थेविरुद्धचा अपराध होत नाही, असे प्रतिपादन केले. आर्थर श्लेसिंजर (धाकटे), शॉन विलेंट्झ व सी. व्हॅन वुडवर्ड यांच्या पुढाकाराने चारशेहून अधिक इतिहासकारांनी महाभियोगाच्या विरोधात निवेदन प्रसिद्ध केले. इतिहासाचे अभ्यासकही या वादापासून अलिप्त राहिले नाहीत, हे यावरून दिसते.

नोव्हेंबर १९९८ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रतिनिधिगृहातील जागा वाढल्या. तरीही १९ डिसेंबर रोजी मावळत्या प्रतिनिधिगृहाने दोन दोषारोप २२८ विरुद्ध २०६ आणि २२१ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर केले. अन्य दोन फेटाळले गेले, त्यांत सत्तेच्या गैरवापराचा दोषारोपही होता. सिनेटमधील खटल्याचे अध्यक्षस्थान सरन्यायाधीश विल्यम रेनक्विस्ट यांच्याकडे होते. जॉन्सन खटल्याच्या इतिहासावर त्यांनी १९९२ मध्ये ग्रंथ लिहिला होता, हा एक योगायोगच. १२ फेब्रुवारी १९९९ रोजी खोट्या शपथेच्या दोषारोपावर ४५ विरुद्ध ५५ आणि अडथळ्याच्या दोषारोपावर ५० विरुद्ध ५० अशी मते पडली. सर्व डेमोक्रॅट निर्दोषत्वाच्या बाजूने राहिले. रिपब्लिकनांपैकी अनुक्रमे दहा व पाच जणांनी त्यांना साथ दिली.

ट्रम्प प्रकरणे (२०१९–२१)

ट्रम्प यांच्या पहिल्या महाभियोगाचा आधार युक्रेनला द्यावयाची लष्करी मदत राजकीय लाभासाठी रोखल्याचा आरोप हा होता. १८ डिसेंबर २०१९ रोजी मंजूर झालेल्या दोन दोषारोपांत सत्तेचा गैरवापर व काँग्रेसच्या कामात अडथळा यांचा उल्लेख होता. कोणत्याही फौजदारी कलमाचा भंग स्वतंत्रपणे ठेवण्यात आला नव्हता. साहजिकच १९९८ मधील भूमिकांची अदलाबदल झाली. एका पक्षाने रेटलेला व दुसऱ्याने विरोध केलेला महाभियोग होऊ नये, असे १९९८ मध्ये सांगणारे डेमोक्रॅट जेरोल्ड नॅडलर आता न्याय समितीचे अध्यक्ष होते. अपराध सिद्ध होण्याची गरज नाही, असे १९९९ मध्ये क्लिंटन यांच्याविरुद्ध मांडणारे रिपब्लिकन लिंडसे ग्रॅहम आता महाभियोगाचे कडवे विरोधक बनले होते. विधिज्ञ ॲलन डर्शोविट्झ यांनी १९९८ मध्ये तांत्रिक अर्थाने अपराध आवश्यक नसल्याचे मत दिले होते. २०२० मध्ये सिनेटसमोर त्यांनी कर्टिस यांच्या १८६८ च्या युक्तिवादाचा आधार घेऊन अपराधसदृश वर्तनाची अट प्रतिपादन केली. ५ फेब्रुवारी २०२० रोजी दोन्ही दोषारोप फेटाळले गेले. पहिल्या दोषारोपावर मिट रॉम्नी या एकाच रिपब्लिकन सिनेटरने पक्षाविरुद्ध मत दिले.

६ जानेवारी २०२१ रोजी संसद भवनावर झालेल्या हल्ल्यानंतर एका आठवड्यात दुसरा महाभियोग दाखल झाला. बंडास चिथावणी हा त्याचा एकमेव आधार होता आणि दहा रिपब्लिकनांनी त्यास पाठिंबा दिला. सिनेटमधील वाद मात्र पद सोडून गेलेल्या व्यक्तीवर खटला चालविता येतो का, या प्रश्नाकडे वळला. या वेळी महाभियोगाच्या समर्थकांनी पुन्हा वॉरन हेस्टिंग्जचा दाखला दिला. कारण महाभियोग दाखल झाला तेव्हा हेस्टिंग्जनेही पद सोडलेले होते. १३ फेब्रुवारी २०२१ रोजी ५७ विरुद्ध ४३ असा निकाल लागला. सात रिपब्लिकन दोषसिद्धीच्या बाजूने असूनही दोनतृतीयांश बहुमत झाले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प पुन्हा निवडून आले.

भारतीय तरतुदीशी तुलना

भारतीय संविधानाच्या ६१ व्या अनुच्छेदाने राष्ट्रपतीवरील महाभियोगासाठी 'संविधानाचा भंग' हा एकच आधार दिला आहे. देशद्रोह, लाचखोरी इत्यादी कारणांचा स्वतंत्र उल्लेख करावा काय, अशी चर्चा संविधान सभेत झाली. 'संविधानाचा भंग' हा शब्दप्रयोग पुरेसा व्यापक असून त्यात या सर्वांचा समावेश होतो, अशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची भूमिका होती. प्रस्तावासाठी सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या एकचतुर्थांश सदस्यांच्या सह्यांची चौदा दिवसांची नोटीस आणि दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोनतृतीयांश बहुमत आवश्यक आहे. ही अट अमेरिकेतील अटीपेक्षा कठोर आहे. भारतात आजवर कोणत्याही राष्ट्रपतीवर महाभियोग झालेला नाही. परंतु न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्या प्रकरणात मे १९९३ मध्ये चौकशी समितीने गैरवर्तन सिद्ध झाल्याचे सांगूनही सत्ताधारी काँग्रेस पक्षाचे सदस्य मतदानापासून दूर राहिले आणि प्रस्ताव फेटाळला गेला. आधाराची व्याख्या स्पष्ट असली, तरी पक्षीय गणित कसे निर्णायक ठरते, याचे हे भारतीय उदाहरण होय.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. 'उच्च अपराध व गैरवर्तन' या शब्दप्रयोगाची संदिग्धता ही अनवधानाने राहिलेली त्रुटी नाही. व्यापक आधाराची गरज आणि कायदेमंडळाच्या लहरीची भीती या दोहोंतून ती निर्माण झाली.

२. फौजदारी अपराध आवश्यक आहे की नाही, या प्रश्नावर कोणत्याही पक्षाची कायम भूमिका राहिलेली नाही. ज्या पक्षाचा राष्ट्राध्यक्ष अडचणीत असतो, तो पक्ष संकुचित व्याख्येकडे झुकतो. विरोधी पक्ष व्यापक व्याख्येचा आश्रय घेतो.

३. संकुचित व्याख्येमुळे न्याय अधिक अचूक होतो, हा समज जॉन्सन प्रकरणात टिकत नाही. मुक्त गुलामांच्या हक्कांचा मूळ प्रश्न त्या व्याख्येमुळेच खटल्याबाहेर राहिला. उलट, केवळ फौजदारी निकष पुरेसा मानल्यास काय होते, हे क्लिंटन प्रकरणाने दाखविले.

४. दोनतृतीयांश बहुमताच्या अटीमुळे केवळ पक्षबळावर पदच्युती होऊ शकलेली नाही. मात्र त्याच अटीमुळे, स्वपक्षीयांचा पाठिंबा टिकवून ठेवणाऱ्या राष्ट्राध्यक्षासाठी महाभियोगाचा धाक बराच कमी झाला आहे.

५. महाभियोगाचा शेवट अनेकदा पक्षाची चौकट ओलांडणाऱ्या मोजक्या सभासदांनी ठरविला. १८६८ मधील सात सिनेटर व १९७४ मधील रिपब्लिकन नेते ही त्याची उदाहरणे होत. २०२१ मध्ये अशांची संख्या पुरेशी नव्हती.

हॅमिल्टन यांनी १७८८ मध्ये वर्तविलेला धोका प्रत्येक प्रकरणात खरा ठरला आहे. संविधानातील शब्दांचा अर्थ शब्दकोशात शोधून हा वाद मिटणारा नाही. स्वपक्षाच्या राष्ट्राध्यक्षाला लावलेला निकषच विरोधी पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाला लावण्याची तयारी लोकप्रतिनिधींनी दाखविली, तरच महाभियोगाची तरतूद तिच्या मूळ हेतूप्रमाणे उपयोगी पडू शकेल.